राजद्रोही वकिलाची सनद

हिंदुस्थानातील वकिलांच्या शिस्तीसंबंधी ब्रिटिश सरकारने १८७९ साली जो कायदा केला, त्याचे बारावे कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. एखाद्या वकिलास अथवा मुखत्यारास फौजदारी गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली असेल, आणि तो गुन्हा त्याच्या शीलातील अशा वैगुण्याचा द्योतक असेल की ज्यामुळे तो त्या कामास अपात्र ठरावा, तर हायकोर्टास त्याची सनद तहकूब करता येईल किंवा कायमची काढून घेता येईल, असा त्याचा आशय. कायदा रचणारांनी येथे शब्द उधळलेले नाहीत. नुसती शिक्षा झाली म्हणून भागत नाही. त्या शिक्षेमागील गुन्ह्यात शीलाचे वैगुण्य दिसले पाहिजे. आणि तेही कोणतेही वैगुण्य नव्हे, तर वकिलीच्या कामास बाध आणणारे. तीन पायऱ्या आहेत आणि तिसरी चढल्यावाचून सनदेला हात लावता येत नाही. हे कलम ज्यांनी रचले त्यांच्या डोळ्यांसमोर अशिलाचा पैसा गिळणारा, खोटा दस्तऐवज पुढे करणारा, साक्षीदार फोडणारा वकील असावा, हे उघड आहे. पुढे तीस वर्षांनी याच मोजपट्टीने राजद्रोही वकील मोजावे लागतील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

१९०८ चा जुलै महिना महाराष्ट्राच्या स्मरणात आहे तो लोकमान्य टिळकांच्या खटल्यामुळे. त्या महिन्याच्या २२ तारखेस मुंबई हायकोर्टात सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या मताने ते दोषी ठरले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा घेऊन मंडालेस गेले. टिळक कायद्याचे पदवीधर होते, कायद्याचा वर्गही त्यांनी चालविला. परंतु वकिली करून पोट भरण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत, त्यामुळे शिक्षेबरोबर त्यांची उपजीविका गेली नाही. पण त्या निकालाच्या अगोदर पंधराच दिवस, ७ जुलै रोजी, दक्षिणेत तिरुनेलवेली येथे टिळकांच्याच पक्षाच्या एका वकिलाला त्याच राजद्रोहाच्या कलमाखाली जी शिक्षा झाली, तिची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाही. त्या वकिलाचे नाव व. उ. चिदंबरम पिल्ले.

पिल्ले यांचा जन्म १८७२ सालचा, तिरुनेलवेली जिल्ह्यातील ओट्टपिडारम गावचा. वडीलही वकील. प्लीडरची परीक्षा देऊन ते प्रथम गावी आणि मग तुतिकोरीन बंदरात वकिली करू लागले. तुतिकोरीन ते कोलंबो ही आगबोटीची वाहतूक तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मुठीत होती. स्वदेशीचा मंत्र पुष्कळांनी घेतला तो धोतर, साखर आणि काड्याच्या पेट्यांपुरता. या वकिलाने तो समुद्रावर नेला. ऑक्टोबर १९०६ मध्ये त्यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदवली. भांडवल दहा लाख, पंचवीस रुपयांचा एक याप्रमाणे चाळीस हजार शेअर. पुढे ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ अशा दोन आगबोटी आणून त्यांनी कोलंबोचा मार्ग सुरू केला. गोऱ्या कंपनीने भाडे उतरवीत उतरवीत शेवटी उतारूंना फुकट नेण्यापर्यंत आणि वर छत्री भेट देण्यापर्यंत मजल गाठली, असे सांगतात. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेस फुटली तेव्हा पिल्ले तेथे टिळकांच्या बाजूस होते.

सुरतेहून परतल्यावर दोनच महिन्यांत तुतिकोरीनच्या कोरल मिलमध्ये संप झाला. मालक युरोपियन, मजुरांचे म्हणणे पगारवाढ व आठवड्याची सुटी मिळावी एवढेच. पिल्ले आणि त्यांचे सहकारी सुब्रह्मण्य शिव यांच्या पुढारीपणाखाली मजुरांनी संप जिंकला. मार्च महिन्यात बिपिनचंद्र पाल यांची तुरुंगातून सुटका झाली, तिचा उत्सव करण्यास अधिकाऱ्यांनी मना केली असता तो झालाच. १२ मार्च १९०८ रोजी दोघांस पकडले. दुसऱ्या दिवशी तिरुनेलवेलीत दंगा उसळला, नगरपालिकेची कचेरी जळली, पोलिसांच्या गोळीबारात चार माणसे मेली. सरकार घाबरले होते हे मान्य केले पाहिजे. परंतु सेशन जज्ज पिन्हे यांनी जी शिक्षा फर्मावली ती भीतीच्या मानानेही अचाट होती: राजद्रोही भाषणांबद्दल वीस वर्षे काळे पाणी, आणि शिवांना घरी ठेवून घेऊन त्यांच्या राजद्रोहास साह्य केल्याबद्दल आणखी वीस वर्षे. पाहुण्यास आसरा देणे ही गोष्ट आपल्या घरोघरी पुण्य समजली जाते. येथे तिची किंमत वीस वर्षे ठरली! मद्रास हायकोर्टाने अपिलात शिक्षा सहा वर्षांवर आणली.

ती सहा वर्षे कोइमतूर आणि कण्णूर येथील तुरुंगांत गेली. सूट मिळून १९१२ च्या डिसेंबरात ते सुटले. तुरुंगात बैलाच्या जागी तेलाच्या घाण्याला त्यांना जुंपले होते, ही गोष्ट तमिळ मुलुखात आबालवृद्धांस ठाऊक आहे. बाहेर आल्यावर पाहतात तो कंपनी बुडालेली, आणि जिच्याशी झुंज घेतली त्याच प्रतिस्पर्ध्याच्या हाती आगबोट गेलेली. सनदही गेली होती. तिरुनेलवेली जिल्ह्यात न राहता त्यांनी मद्रासेत बिऱ्हाड केले, किरकोळ दुकानदारी करून पाहिली, आणि जुने तमिळ ग्रंथ शोधून छापण्याचे काम हाती घेतले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांनी त्यांच्यासाठी वर्गणी जमवून ती गांधींकडे दिली होती. त्या रकमेची पिल्ले यांनी १९१५ मध्ये गांधींकडे पत्रांमागून पत्रे लिहून चौकशी केली, आणि अखेर ३४७ रुपये १२ आणे त्यांना पोचले. ज्याने दहा लाखांची कंपनी उभारली त्याने साडेतीनशे रुपयांसाठी पत्रे लिहावीत, यावरून त्या घरची स्थिती ध्यानात येईल.

आता कलमाकडे वळू. राजद्रोह हा ‘शीलातील वैगुण्याचा’ गुन्हा होय काय? याचे उत्तर देशभक्तीच्या भरात देणे सोपे आहे. म्हणून प्रथम सरकारपक्षाची बाजू तिच्या पुऱ्या जोराने मांडणे न्याय्य होईल. वकील हा केवळ भाडोत्री वक्ता नव्हे; तो न्यायासनाचा सहायक आहे. ज्या सत्तेच्या नावाने ते न्यायासन बसते, जिच्या नावाने समन्स निघते आणि हुकूमनामा बजावला जातो, ती सत्ताच उलथवावी असे जो रस्त्यावर सांगतो, त्याने दुसऱ्या दिवशी झगा घालून त्याच न्यायासनापुढे “महाराज” म्हणत उभे राहणे यात विसंगती नाही काय? १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेणाऱ्या अहमदाबादच्या वकिलांवर जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी हाच आक्षेप घेतला. ठराविक कायदे मोडण्याची शपथ आणि कायदा चालविण्याची सनद, या दोन गोष्टी एका खिशात राहू शकत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. मुंबई हायकोर्टाने त्या वकिलांना ताकीद देऊन सोडले. त्या वेळी कोणास शिक्षा झालेली नव्हती, त्यामुळे बाराव्या कलमाचा प्रश्नच उद्भवला नाही.

ही बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. पण ती निष्ठेची बाजू आहे, शीलाची नव्हे. राज्यकर्त्यास असे म्हणण्याचा अधिकार होता की, “माझ्या कोर्टात माझ्याशी एकनिष्ठ माणसेच मला हवीत.” तसा कायदा त्याने उघडपणे करावयाचा होता. त्याऐवजी त्याने निष्ठेचा अभाव आणि शीलाचा अभाव एकाच शब्दात कोंबला, आणि देशभक्त वकील हा अफरातफर करणाऱ्या वकिलाच्या रांगेत नेऊन बसविला. वकिलाचे शील म्हणजे काय, हे आपल्या देवस्थानांच्या महाजनांना निराळे सांगावयास नको. देवळाच्या वहिवाटीचा दावा उभा राहिला म्हणजे जुने दानपत्र, हिशेबाच्या वह्या, पिढ्यान् पिढ्या पेटीत जपलेले कागद ज्याच्या हवाली करावयाचे, तो वकील कोणत्या पक्षाचा हे कोणी विचारीत बसत नाही. कागद जसेच्या तसे परत येतील ना, आपली कच्ची बाजू प्रतिपक्षाच्या कानी जाणार नाही ना, एवढेच विचारतात. पिल्ले यांच्या विरुद्ध अशी एकही तक्रार त्या खटल्यात नव्हती.

या गोंधळाचे सर्वांत ठळक उदाहरण चौदा वर्षांनी लंडनमध्ये घडले. इंग्लंडात बॅरिस्टरांची सनद सरकार देत नाही. ती चार जुन्या संस्थांच्या हाती आहे. त्यांपैकी दोहोंच्या नावांत ‘टेंपल’ हा शब्द येतो. ती देवळे नव्हेत. मध्ययुगातील टेंप्लर नावाच्या धर्मयोद्ध्यांची ती जागा, पुढे वकिलांच्या वस्तीस आली. त्यांतील इनर टेंपलने मोहनदास करमचंद गांधी यांस १० जून १८९१ रोजी बॅरिस्टर केले. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे गांधींनी ‘यंग इंडिया’तील तीन लेखांबद्दल राजद्रोहाचा गुन्हा कबूल केला. टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन न्यायाधीशांनी तितकीच, म्हणजे सहा वर्षांची, कैद सांगितली. आणि ती सांगताना, राजकारणात आपल्याशी मतभेद असणारेदेखील आपणास उच्च ध्येयाचा, उदात्त, किंबहुना संतवृत्तीचा पुरुष मानतात, अशा अर्थाचे उद्गार काढले. म्हणजे शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशानेच आरोपीच्या शीलाचे प्रशस्तिपत्र भर कोर्टात वाचून दाखविले! त्यानंतर आठ महिने उलटण्यापूर्वी, १० नोव्हेंबर १९२२ रोजी, इनर टेंपलच्या धुरीणांनी ठरविले की, या सभासदास सक्षम न्यायालयाने ज्या अपराधाबद्दल दोषी ठरविले तो अपराध त्यास सभासदत्वास अपात्र करणारा आहे. आणि त्यांचे नाव पटावरून खोडले. निकालपत्र त्यांनी वाचले होते की केवळ शिक्षेचा आकडा, कोण जाणे.

गांधींना त्याचे काही वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. वकिली त्यांनी दक्षिण आफ्रिकेतच सोडली होती. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले ते एकमेव अधिवेशन. त्या मंडपात त्यांचे नाव लंडनच्या एका पटावर आहे की नाही याची विवंचना कोणास असणार? श्यामजी कृष्णवर्मा यांचीही तीच गत. ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’चे हे संपादक पॅरिसला निघून गेल्यावर लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची पत्रे छापून आली, आणि ३० एप्रिल १९०९ रोजी इनर टेंपलने त्यांची बॅरिस्टरी रद्द केली. त्यांना तर कोणत्याही कोर्टाने शिक्षा केलेली नव्हती. विनायक दामोदर सावरकर परीक्षा उत्तीर्ण होऊन बसले असता त्याच वर्षी ग्रेज इनने त्यांस बॅरिस्टर करून घेण्याचे नाकारले. तेथेही तोपर्यंत शिक्षा नव्हती. पण या तिघांचीही चूल वकिलीवर पेटत नव्हती. हा दंडुका खरोखर बसला तो पिल्ले यांच्यासारख्यांच्या पाठीत, ज्यांना जिल्ह्याच्या कोर्टात उभे राहून चार रुपये मिळवावयाचे होते. शिस्तीच्या कारवाईचा हा एक गुणच म्हणावयाचा: ती पुढाऱ्याला भूषण होते आणि लहान वकिलाला उपास घडविते.

येथपर्यंत वाचकांचे व माझे एकमत असेल. वंदनीय माणसांच्या बाबतीत असे एकमत होण्यास फारसे श्रम पडत नाहीत. पण जे तत्त्व आपल्या माणसासाठी मागावयाचे ते नकोशा माणसालाही लावून पाहिल्यावाचून खरे की खोटे हे कळत नाही. असा एक नकोसा माणूस जर्मनीत होऊन गेला, आणि त्याची कथा अलीकडेच संपली.

होर्स्ट मालर हा १९३६ साली जन्मलेला वकील. पश्चिम बर्लिनमध्ये डाव्या विद्यार्थ्यांचे खटले तो लढे. १९७० साली रेड आर्मी फॅक्शन ही सशस्त्र टोळी उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता. त्याच वर्षी पकडला गेला. बँकांवरील दरोडे आणि कैदी सोडवण्यास साह्य यांबद्दल एकंदर चौदा वर्षांची शिक्षा झाली. दहा वर्षांनी सुटला आणि सनद परत मागू लागला. गेरहार्ड श्रोडर नावाच्या तरुण वकिलाने, जो पुढे जर्मनीचा चान्सलर झाला, त्याचे काम चालविले, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाच्या निर्णयाने मालर पुन्हा वकील झाला. भोगलेली शिक्षा ही पुरी शिक्षा, माणूस बदलू शकतो, ही त्या निर्णयामागील श्रद्धा. माणूस बदललाही, पण कसा! दहा-बारा वर्षांत तो दुसऱ्या टोकास जाऊन नाझींचा स्तुतिपाठक झाला, ज्यूंच्या संहाराची घटनाच खोटी असे सांगू लागला. त्याबद्दल खटल्यामागून खटले झाले. २००४ मध्ये त्यास वकिली करण्यास मनाई झाली. पुढल्या वर्षी मानहाइमच्या कोर्टात तशाच एका आरोपीच्या बचावास तो बसला असता न्यायाधीशांनी त्या मनाईवरून त्यास दूर केले. २००९ मध्ये दीर्घ मुदतीच्या शिक्षा लागल्या आणि सनद कायमची गेली. २०२५ च्या जुलैत तो वारला.

मालरलाही ‘शिक्षा झाली ती मतांबद्दल’ असे म्हणता येते, आणि त्याचे भक्त तसे म्हणतही. मग पिल्ले यांना एक न्याय आणि मालरला दुसरा का? मला वाटते, बाराव्या कलमाच्या त्या तिसऱ्या पायरीवरच याचा निवाडा आहे. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्यास सनद परत देण्यात जर्मन कोर्टाने चूक केली नाही. त्या क्षणी त्या माणसाकडे अशील जाऊ शकत होता. पण जो वकील आपल्याच देशबांधवांच्या एका सबंध समाजाच्या कत्तलीस खोटे म्हणतो, त्या समाजाच्या माणसाने त्याच्यापुढे आपले कागद कसे ठेवावेत? त्याने कोर्टात घेतलेल्या हकीकतीच्या शपथेस काय अर्थ उरला? सिद्ध झालेले सत्य जाणूनबुजून नाकारणे हा पुराव्यावर जगणाऱ्या धंद्यातील दोष आहे, राजकीय मताचा नव्हे. पिल्ले इंग्रजी राज्यास अन्याय्य म्हणाले. इंग्रज माणूस माणूस नव्हे, असे ते म्हणाले नाहीत. सीमारेषा सदैव इतकी स्वच्छ दिसत नाही, हे मी जाणतो. दंग्यात मेलेल्या चार माणसांचे आप्त पिल्ले यांच्या भाषणांविषयी काय म्हणत असतील, हाही प्रश्न आहेच. तथापि प्रश्न विचारावयाचा तो हाच, आणि तो प्रत्येक वेळी नव्याने विचारावयाचा. शिक्षेच्या वर्षांचा आकडा पाहून उत्तर लिहावयाचे नाही.

स्वतंत्र हिंदुस्थानच्या कायद्याने जुना शब्द टाकून नवा घेतला. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टात १९७३ साली २४-अ हे कलम घातले गेले. त्यात कसोटी ‘नैतिक अधःपाता’ची आहे: अशा गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्यास वकिलांच्या पटावर घेता येत नाही, मात्र सुटकेनंतर दोन वर्षे लोटली म्हणजे ही अपात्रता संपते. शिस्तीचा अधिकारही हायकोर्टाकडून वकिलांच्याच बार कौन्सिलकडे आला. दोन वर्षांची ती मुदत मला १८७९ च्या कलमाहून अधिक मनुष्यतेची वाटते. मात्र ‘नैतिक अधःपात’ म्हणजे काय हे कायद्याने सांगितलेले नाही, आणि ते बरेच झाले असे म्हणणारेही आमच्या धंद्यात आहेत. राजद्रोहाच्या १२४-अ कलमाचा अंमल २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने थांबविला. १ जुलै २०२४ पासून जी नवी संहिता आली तिच्यात तो शब्द नाही, परंतु देशाचे सार्वभौमत्व, ऐक्य व अखंडता यांस धोका आणणाऱ्या कृत्यांबद्दल १५२ वे कलम आहे. त्याखाली एखाद्या वकिलास शिक्षा झाली तर बार कौन्सिलापुढे शीलाचा तोच जुना वाद उभा राहील. तेव्हा सदस्यांच्या टेबलावर टिळक-गांधींची चित्रे टांगलेल्या भिंतीकडे बोट दाखविणारे असतील, आणि मालरचे नाव घेणारेही असतील.

इनर टेंपलने गांधींचे नाव पुन्हा पटावर घेतले ते १९८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. श्यामजींचे घेतले ते २०१५ मध्ये; त्यांची बाजू नीटशी ऐकून घेतली गेली नव्हती, असे तेव्हा मान्य करण्यात आले. ज्या सनदेने कोणास दोन घास मिळणार नव्हते ती परत देण्यास शतक लागले. पिल्ले यांची गोष्ट निराळी झाली. ज्या दशकात मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास यांसारखे वकील असहकाराच्या हाकेसरशी चालती वकिली सोडीत होते, त्याच दशकात हा जुना टिळकपक्षीय, ज्याचे असहकाराशी कधी जमले नाही, आपली हिरावलेली सनद परत मिळविण्याच्या खटपटीत होता. ती त्याला मिळाली मद्रास हायकोर्टाचे एक इंग्रज न्यायाधीश ई. एच. वॉलेस यांच्या साह्याने. पिल्ले पुन्हा कोविलपट्टी व तुतिकोरीनच्या कोर्टांत उभे राहू लागले. फावल्या वेळात त्यांनी शैव सिद्धान्ताच्या ‘शिवज्ञानबोधम्’ ग्रंथावर टीका लिहिली, आणि कोलंबोच्या एका तमिळ पत्रात लोकमान्यांचे चरित्र क्रमशः छापले. १८ नोव्हेंबर १९३६ रोजी तुतिकोरीनच्या काँग्रेस कचेरीत त्यांचे देहावसान झाले. आपल्या एका मुलाचे नाव त्यांनी वालेश्वरन असे ठेवले होते. वॉलेस साहेबाच्या नावास ईश्वर जोडून केलेले ते नाव.